अंगठ्याचे नख आणि हैदराबादचे कमिशन

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, क्रांती चौकात उभे राहिले की नजर साहजिकच वर जाते. २०२२ साली तेथे शिवछत्रपतींचा नवा अश्वारूढ पुतळा उंच चौथऱ्यावर बसविण्यात आला. तो नीट पाहायचा तर मान बरीच मागे टाकावी लागते. या लेखापुरती मात्र नजर खाली ठेवावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे. शाळा सुटण्याच्या वेळी जालना रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले पाहावीत. शाळेचे काळे बूट, पावसात भिजून आखडलेले कॅनव्हासचे बूट, टोकदार चपला, पोलिसांचे जड बूट, रबरी स्लिपर आणि मधूनच एखादा अनवाणी पाय दिसतो. त्यातच कोठेतरी एखादा मुलगा टाच टेकवून, अंगठा उचलून चाललेला असतो. त्याला विचारले तर तो सांगतो, "नख रुतलंय, सर." क्रांती चौकात नखांचा विषय निघाला म्हणजे कोणालाही वाघनखेच आठवतील. आमचा विषय मात्र पायाच्या अंगठ्याचे साधे नख हाच आहे.

हा विषय इतिहासाच्या लेखाचा कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर या चौकाच्या जुन्या नावापासून सुरू करता येते. या जागेला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या येथील घोडदळात असंतोष उसळला. पुण्याहून जनरल वुडबर्नची पलटण आली आणि बंडवाल्या शिपायांना याच जागी देहदंड देण्यात आला. काहींना गोळ्या घालण्यात आल्या, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. 'क्रांती चौक' हे नाव त्या आठवणीतून आले आहे. हे घोडदळ 'हैदराबाद' कंटिंजंटचे का होते? कारण औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि पुढे १९४८ पर्यंत तेथेच राहिले. या संस्थानाने, बंडानंतर तीस वर्षांनी, एका वैद्यकीय वादात हात घातला. त्या वादाच्या अगदी आरंभी एक रुतलेले नख होते आणि ते एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाचे होते.

तिचे नाव हॅना ग्रीनर. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल शहराजवळ विनलेटन नावाचे गाव आहे, तेथे ती राहत होती. तिच्या पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले होते. त्याआधी काही महिने तिच्या एका अंगठ्याचे नख न्यूकॅसलच्या इस्पितळात ईथरची भूल देऊन काढले होते. आता दुसऱ्याची पाळी होती. २८ जानेवारी १८४८ रोजी डॉ. मेगिसन आपले साहाय्यक लॉइड यांच्यासह तिच्या घरी आले. मुलगी फार घाबरलेली होती, रडत होती. तिला खुर्चीवर बसविले. मेगिसननी चमचाभर क्लोरोफॉर्म एका कापडावर ओतून ते तिच्या नाकाशी धरले. अर्ध्या मिनिटाने त्यांनी लॉइडना सुरुवात करण्यास सांगितले. नखाभोवती छेद घेताच मुलीने पाय झटकला. मेगिसनना वाटले, भूल पुरेशी चढलेली नाही. पण तोवर तिचे ओठ पांढरे पडले होते. तोंडावर पाणी मारले, तोंडात ब्रँडी घातली, शेवटी त्या काळच्या रीतीप्रमाणे शीर उघडून रक्त काढण्याचाही प्रयत्न झाला. सुरुवातीपासून सुमारे तीन मिनिटांत सगळे संपले होते.

क्लोरोफॉर्मच्या भुलीने झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू. एडिनबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण स्वतःवर आणि मित्रांवर अजमावला तो ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री. म्हणजे औषध तीन महिन्यांचेही झाले नव्हते.

आजच्या वाचकाला प्रश्न पडतो, नखासाठी कशाला हवी होती एवढी भूल? याचे उत्तर रॉबर्ट लिस्टन या शल्यविशारदाच्या एका पत्रात सापडते. २१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनमध्ये लिस्टन यांनी ईथर देऊन एका रुग्णाची मांडी कापली. ही घटना वैद्यकाच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्याच दिवशी त्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या अंगठ्याच्या नखाच्या दोन्ही बाजू ईथरखाली उपटून काढल्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पत्रात लिस्टन यांनी नखाच्या या शस्त्रक्रियेचे वर्णन 'शल्यकर्मातील अत्यंत वेदनादायक क्रियांपैकी एक' असे केले आहे. मांडी अर्ध्या मिनिटात कापण्याबद्दल ज्यांची ख्याती होती, त्या माणसाचे हे मत आहे. बोटाच्या टोकाशी संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची किती दाटी असते हे ज्याने अंधारात खाटेच्या पायाला अंगठा आपटून घेतला आहे, त्याला वेगळे सांगायला नको.

मुळात नख रुतते म्हणजे काय होते ते पाहू. नख हे केराटिन या प्रथिनाचे बनलेले आहे. केस आणि खुरे याच पदार्थाची. नखाचा दिसणारा पत्रा निर्जीव असतो, जिवंत असते ते त्वचेखाली दडलेले मूळ. तेथे पेशी तयार होतात, चपट्या होतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाच्या अंगठ्याचे साधारण त्याच्या निम्म्याने. त्यामुळे अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला एक ते दीड वर्ष लागते. नखाच्या दोन्ही कडांना मांसाची वरंब असते आणि पत्रा तिच्यात खोबणीतल्या फळीसारखा पुढे सरकतो.

आता आपण नख हाताच्या नखासारखे गोल कापले आणि कोपरे खोलवर काढले, की दोन गोष्टी घडतात. नखाचा कोपरा जोवर पुढे आलेला असतो तोवर तो टोकाच्या मांसाला दाबून ठेवतो. तो काढला की मांस वर येते आणि पुढे वाढणाऱ्या नखाच्या वाटेतच उभे राहते. दुसरे असे की खोल कोपऱ्यात कात्री नीट पोहोचत नाही. तेथे बहुधा काट्यासारखा एक तुकडा न कापता राहून जातो. तो बाहेरून दिसत नाही. पत्रा पुढे सरकतो तसा हा काटा मांसात घुसतो. वरून प्रत्येक पावलाला शरीराचा भार अंगठ्यावर येतो आणि बूट घट्ट असेल तर बाजूनेही दाब असतो. मग सूज, पू, आणि काही दिवसांनी कडेला लालभडक, स्पर्शाने रक्त येणारी मांसाची वाढ. मराठीत नखाच्या कडेच्या अशा पिकण्याला नखुरडे म्हणतात. ते इतर कारणांनीही होते, पण पायाच्या अंगठ्याला झाले तर पहिला संशय रुतलेल्या नखावरच घ्यावा.

यातली एक फसगत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुखू लागले की माणूस कोपरा आणखी खोल कोरतो. दोन दिवस आराम पडतो, कारण काटा निघालेला असतो. महिन्या-दीड महिन्याने तेथेच नवा काटा घुसतो. आराम पडला म्हणून माणसाला उपाय बरोबर वाटतो, आणि तो पुन्हा तेच करतो. ओळखीच्या कितीतरी घरांतून वर्षानुवर्षे कोपरे कोरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना कारण आणि परिणाम यांतील महिन्याचे अंतर दिसत नाही.

नखे किती कापावीत हा प्रश्न मात्र युरोपियन डॉक्टरांनी शोधून काढलेला नाही. संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरात, विद्यापीठामागे, बौद्ध लेणी आहेत. तेथे राहणाऱ्या भिक्षूंचे आचरण ज्या विनयाने बांधलेले असे, त्यातील चुल्लवग्गात नखांविषयीचे नियम आले आहेत. भिक्षू नखांनी, दातांनी नखे तोडत, भिंतीवर घासत, आणि बोटे दुखून येत, म्हणून नखे कापण्याच्या हत्याराला परवानगी मिळाली. मग काहींनी रक्त येईपर्यंत नखे कापली आणि पुन्हा बोटे दुखू लागली. तेव्हा नियम झाला की नखे मांसाच्या मर्यादेपर्यंतच कापावीत. पुढे काही शौकीन भिक्षू वीसही नखे घासून चकचकीत करवू लागले आणि तेही थांबवावे लागले. पायाच्या नखाचे टोक बोटाच्या मांसाशी बरोबरीत ठेवावे, असे आज सांगतात. हे माप दोन हजारांहून अधिक वर्षे जुने आहे, आणि तेही सिद्धांतातून आलेले नसून दुखऱ्या बोटांच्या तक्रारीतून आलेले आहे, हे आम्हाला विशेष वाटते.

चरकसंहितेत सद्वृत्त सांगताना पंधरवड्यातून तीनदा केस व नखे कापावीत असे म्हटले आहे. पायाच्या नखाची वाढ पाहता हे जरा जास्तच होईल. सुश्रुताने शल्यकर्माची वीस शस्त्रे सांगितली, त्यांत नखशस्त्र आहे. क्षुद्र रोगांच्या प्रकरणात त्याने नखाच्या मांसात होणाऱ्या 'चिप्प' नावाच्या विकाराचे वर्णन केले आहे. त्यात वेदना, दाह आणि पिकणे ही लक्षणे आहेत. चिप्प म्हणजे आपले रुतलेले नखच, असे ठामपणे म्हणता येणार नाही. नखुरड्याच्या जवळचा तो विकार आहे एवढे खरे. सातव्या शतकातला पॉल ऑफ एजिना हा ग्रीक वैद्य आणि इ.स. १००० च्या सुमाराचा स्पेनमधला अरब शल्यविशारद अल् जहरावी यांनी मात्र नखाची कड उचलून वाढलेले मांस कापण्याची किंवा डागण्याची कृती लिहून ठेवली आहे. तिच्यात शंकेला जागा नाही.

आपल्याकडे हे काम बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याचे होते. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा यांबरोबर नराणी असे. नराणी म्हणजे लोखंडाची लहानशी पट्टी, टोकाला पटाशीसारखी सरळ धार. आजच्या तरुण वाचकांनी ती पाहिलेली नसण्याचा संभव आहे. या हत्याराची गंमत अशी की सरळ धारेमुळे ते नख थोडे थोडे करून सरळ कापते. घरोघरी आलेल्या नेलकटरचे पाते हाताच्या नखाच्या बेताने कमानदार असते आणि तेच पायाला लावले की नख आपोआप गोल कापले जाते. पायासाठी सरळ पात्याचा मोठा नेलकटर मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. अर्थात नराणीच्या आठवणीने फार हळवे होण्याचे कारण नाही. तीच नराणी गावभर फिरे, कोपरे कोरायलाही तिचेच टोक वापरत, आणि तिच्याबरोबर रोगजंतूही एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जात. रात्री नखे कापू नयेत हा घरातल्या आजीचा नियम तेलाच्या दिव्याच्या काळात अगदी शहाणपणाचा होता. विजेच्या दिव्याखाली त्याची गरज उरलेली नाही.

आता हॅनाकडे परत येऊ. ती कशाने मेली यावर लगेच वाद पेटला. सिम्पसन यांचे म्हणणे असे की क्लोरोफॉर्म निर्दोष आहे, बेशुद्ध मुलीच्या तोंडात ओतलेले पाणी आणि ब्रँडी श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरली. लंडनचे जॉन स्नो यांना ते पटले नाही. हे स्नो म्हणजे १८५४ साली पंपाच्या पाण्याचा आणि पटकीचा संबंध दाखवणारेच. त्यांचे म्हणणे होते की कापडावर ओतलेल्या क्लोरोफॉर्मची वाफ किती दाट होते यावर कोणाचाच ताबा नसतो, आणि दाट वाफ हृदयाला थांबवते. त्यांनी वाफेचे प्रमाण ठरविणारे यंत्र केले आणि क्लोरोफॉर्मने दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात अशा नोंदींची रांग हॅनापासून सुरू होते. एडिनबरोचे डॉक्टर मात्र म्हणत राहिले की श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडी धरून बसू नका. लंडनचे डॉक्टर नाडी धरूनच होते. अशी चाळीस वर्षे गेली आणि माणसे अधूनमधून मरत राहिली.

या वादात हैदराबाद उतरले ते एडवर्ड लॉरी यांच्यामुळे. लॉरी हे हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. एडिनबरोच्या जेम्स साइम यांचे ते शिष्य, त्यामुळे श्वासाच्या पक्षाचे. आपण हजारो रुग्णांना निर्धोकपणे क्लोरोफॉर्म दिला, असा त्यांचा दावा होता. १८८८ साली त्यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि कळविले की तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर प्रयोग करू. संशोधनासाठी एका भारतीय संस्थानिकाने युरोपियन शास्त्रज्ञाला खर्च देऊन बोलावून घ्यावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याच्या शेतकऱ्यांचा साराही जमा होत असे, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

१८८९ च्या हिवाळ्यात लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. औषधांच्या परिणामांचे ते मोठे जाणकार. येताना त्यांचे मत होते की क्लोरोफॉर्म हृदयावरही आघात करू शकतो. दुसऱ्या कमिशनने शेकडो प्राण्यांवर, त्यात कुत्री होती, माकडेही होती, प्रयोग केले. रक्तदाब व श्वास यांचे आलेख फिरत्या नळकांड्यांवर उमटवले. ब्रंटन यांचे मत बदलले आणि त्यांनी तसे लंडनला तारेने कळविले. १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सविस्तर अहवाल आला. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी पुढे हैदराबादेत भूल देण्याचे काम करीत. भूलशास्त्रातील जगातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. हैदराबादच्या या सगळ्या उद्योगातून निघालेली ही गोष्ट आम्हाला अहवालापेक्षा अधिक मोलाची वाटते.

कारण अहवाल चुकीचा होता.

प्रयोग खोटे नव्हते. आकडे फुगवलेले नव्हते. पावती फाडण्याजोगी एकही लबाडी त्यात नव्हती. मग चूक कोठे झाली? प्रयोगशाळेतल्या कुत्र्याला खोल भूल दिली आणि ती वाढवत नेली तर श्वास खरोखरच आधी थांबतो. कमिशनने हेच पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा पाहिले. पण हॅनाला खोल भूल दिलेलीच नव्हती. तिला अर्धाच मिनिट वाफ दिली होती. ती भीतीने थरथरत होती आणि अर्धवट भुलीत तिला चाकू लागला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर वेगळा प्रयोग केला. हलकी क्लोरोफॉर्मची भूल देऊन त्यांनी ॲड्रेनॅलिन टोचले. भय आणि वेदना यांच्या वेळी आपल्या शरीरात सुटणारा हाच स्राव. मांजराच्या हृदयाच्या जवनिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरू लागल्या, रक्ताभिसरण थांबले आणि प्राणी तत्काळ मेला. खोल भुलीत असलेल्या प्राण्यात तसे होत नव्हते. म्हणजे डॉक्टर ज्याला सावधपणा समजत होते, ती थोडीशीच भूल भेदरलेल्या रुग्णाला अधिक घातक होती. हॅनाच्या बाबतीत आज बहुतेक अभ्यासक या हृदयाच्या थरथरीकडे बोट दाखवतात. श्वासनलिकेत द्रव गेल्याची शक्यता काहींनी अजून सोडलेली नाही.

वर्गात 'प्रयोगाची पुनरावृत्ती' शिकविताना आम्हाला हे उदाहरण उपयोगी वाटते. तोच प्रयोग चारशे वेळा केल्याने चारशे पुरावे मिळत नाहीत. प्रश्न चुकीचा विचारला असेल तर उत्तर तितक्याच वेळा चुकीच्या बाजूला खात्रीने उभे राहते. हैदराबादच्या अहवालाच्या भरवशावर नाडी न पाहता क्लोरोफॉर्म देणाऱ्यांना पुढे आणखी वीस वर्षे धीर मिळाला, हा त्याचा दुष्परिणाम होताच.

नखाच्या उपचाराची गोष्ट याच्याशी समांतर चालते. दोषी कोण, नख की मांस? एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे द्युपुत्रां सबंध नख उपटून काढत. नख पुन्हा येते आणि बहुधा पुन्हा रुतते, कारण मूळ तेथेच असते. नंतर मुळाचा कडेचा भाग कापण्याच्या पद्धती आल्या. १९४५ मध्ये अमेरिकेत ओटो बॉल यांनी मुळाच्या त्या भागाला फिनॉल लावून तो नष्ट करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि तीच, थोड्याफार फरकाने, आज सर्वाधिक वापरात आहे. १९५९ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या वँडेनबॉस व बॉवर्स या डॉक्टरांनी उलट बाजू मांडली. नखाचा काही दोष नाही, चालताना भार पडून मांस वर चढते, तेव्हा मांस काढा आणि नखाला हात लावू नका. त्यांचेही रुग्ण बरे झाले. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतच्या चाचण्या तपासल्या. नख काढताना फिनॉल वापरल्यास ते पुन्हा रुतण्याचे प्रमाण कमी होते, एवढे त्यातून दिसले. नख सरळ कापल्याने रुतणे टळते, हा सल्ला मात्र मुख्यतः डॉक्टरांच्या अनुभवावर आणि वर सांगितलेल्या यांत्रिक कारणमीमांसेवर उभा आहे. आम्हाला तो पटतो, पण त्याचा आधार कोणता हे मुलांना सांगावे.

एक गैरसमज मात्र वर्गातच तपासून मोडता येतो. नखाच्या मधोमध इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडली की नख ती भरून काढण्यासाठी मध्याकडे वाढते आणि कोपरे आत ओढले जातात, असे अनेकजण सांगतात. नख मुळापासून वाढते, टोकाला त्याला खाचेची खबर असण्याचे कारण नाही. यासाठी मेंदी घ्यावी. मुलामुलींनी अंगठ्याच्या नखावर मुळाजवळ मेंदीचा ठिपका द्यावा आणि दर रविवारी मोजपट्टीने त्याचे त्वचेपासूनचे अंतर लिहावे. हाताच्या आणि पायाच्या नखांची तुलना करावी. ठिपका सरळ पुढे सरकतो, मध्याकडे वळत नाही. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरने आपल्या डाव्या अंगठ्याचे नख असे पस्तीस वर्षे मोजले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. मुलांना पस्तीस वर्षे थांबण्याची गरज नाही. दोन महिन्यांत आलेख निघतो.

दुसरा प्रयोग बुटाचा. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी, मग त्याच रेघेवर आपला शाळेचा बूट ठेवावा. बुटाच्या बाहेर रेघ दिसली तर बूट लहान आहे. 'वर्षभर चालायला हवा' म्हणून जूनमध्ये घेतलेला बूट वाढत्या वयाच्या मुलाला फेब्रुवारीत बसत नाही, आणि रुतलेल्या नखाचे रुग्ण किशोरवयात जास्त का दिसतात याचे एक कारण येथे आहे. या वयात पायांना घामही फार येतो, ओलाव्याने मांस मऊ पडते आणि नखाला शिरायला सोपे जाते.

नखे अंघोळीनंतर, मऊ झाल्यावर कापावीत. टोकाशी सरळ कापावीत, फार आखूड नकोत. कोपरा टोचत असेल तर कानशीने नुसता बोथट करावा, आत कोरू नये. नुकते रुतू लागलेल्या नखाखाली स्वच्छ कापसाचा बारीक धागा ठेवून कड वर उचलून धरता येते. पू झाला, लाली पसरली, ताप आला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जावे. धनुर्वाताच्या लशीची चौकशी डॉक्टर करतीलच. मधुमेही माणसाने तर कापसाचाही प्रयोग करू नये. त्यांच्या पायाची संवेदना गेलेली असू शकते आणि नखाच्या कडेची जखम बोट घेऊन जाऊ शकते. या कामात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचे नाव घ्यावे लागेल. या शतकाच्या आरंभी टांझानियातील डॉक्टरांच्या जोडीने 'स्टेप बाय स्टेप' या कार्यक्रमातून डॉक्टर आणि परिचारिकांना मधुमेही पायाची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यास त्यांनी सुरुवात केली. घरी आजी-आजोबांची नखे नातवंडे कापत असतील तर त्यांना हे ठाऊक असावे.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर आता क्लोरोफॉर्म लागत नाही, ईथरही नाही. कोकेनच्या स्थानिक बधिरतेचा गुण १८८४ मध्ये कळला आणि पुढे लिग्नोकेनसारखी अधिक सुरक्षित औषधे आली. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुई टोचतात, तेवढे क्षणभर झणझणते. पाच-दहा मिनिटांनी डॉक्टर चिमट्याने अंगठा दाबून विचारतात, "दुखतंय का रे?" मुलगा नाही म्हणतो. तो जागा असतो, छताकडे बघत आईशी बोलत असतो, आणि नखाची कड निघाल्याचे त्याला ट्रेमध्ये काहीतरी पडल्याच्या आवाजावरून कळते.